खिडकीची भिशी

भिशीत कोणाचा नंबर कधी लागेल ते नशिबावर, पण किस्से मात्र सगळ्यांना दर महिन्याला मिळतात! आमच्या वर्ध्याच्या दुकानदारांच्या भिशीत तर इतके साचलेत की एक सांगायला बसावं तर दुसरा मध्येच घुसतो. म्हणून आज एकाच सहलीचे सांगतो. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची, रोलचे कॅमेरे होते तेव्हाची.

सहल निघाली ती मंदावहिनींमुळे. मंदावहिनी म्हणजे आमच्या नानाभाऊंची बायको. नानाभाऊंचं भांड्यांचं दुकान. वहिनींच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. खोल दरी, हिरवे डोंगर आणि डोंगराच्या कडेनं जाणारी आगगाडी. वर्ष संपलं, दुसरं संपलं, पण वहिनी ते उतरवू देईनात. एकादशी कधी आहे ते शेजारी जाऊन विचारायच्या!

एकदा भिशी त्यांच्याकडे होती. चहा देता देता त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मले हे दरी पाह्यची आहे. खिडकीत बसून. लग्नापासून नुसतं बोरगाव मेघेचं घर ते दुकान अन् दुकान ते घर करून राह्यली मी."

भिशीचे चालक भास्करशेठ, कापडवाले. ते लगेच म्हणाले, "मंग चाला! आंध्रात अरकूची गाडी आहे, बोगद्या-बोगद्यातून जाते म्हणते."

वहिनींनी त्या रात्रीच चिवड्याचे पोहे निवडायला घेतले.

* * *

आता नानाभाऊ. स्वभावानं लोणी. त्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कोणी ऐकला नव्हता. गिऱ्हाईक परत पाठवणं म्हणजे पाप, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं.

निघायच्या दिवशी ऑटो दारात उभा. सामान चढलं, वहिनी बसल्या. तेवढ्यात एक बाई आली. मुलीच्या रुखवतात ठेवायला स्टीलचा मोठा डबा हवा होता. दुकान तर बंद!

आम्ही स्टेशनवर वाट बघतोय. गाडीला सिग्नल पडला तरी यांचा पत्ता नाही. शेवटी दोघं धापा टाकत आले. वहिनींच्या कडेवर उशीचा एक गच्च भरलेला अभ्रा होता.

मी विचारलं, "वहिनी, घरची उशी काऊन आनली?"

"उशी नाई, चिवडा हाय थो!" वहिनी कडाडल्या. "डबा होता नवाकोरा. इकला यायनं!"

नानाभाऊ खाली मान घालून म्हणाले, "बोहनी होती नं."

* * *

आमच्या भिशीतले अण्णाजी वडनेरचे. शेती करून कृषी केंद्र चालवायचे. आयुष्यभर एसटीनं फिरलेला माणूस, त्यामुळे जागा पकडायची एकच पद्धत ठाऊक: खिडकीतून उपरणं आत फेकायचं!

विशाखापट्टणमच्या स्टेशनवर पहाटे गर्दी ही अशी. अण्णाजींनी समोर डबा दिसताच धावत जाऊन उपरणं फेकलं आणि छाती पुढे काढून उभे राहिले. "झाली जागा! आता कोनाचा बाप उठवत नाई."

तेवढ्यात ती गाडी हलली. आपली गाडी अजून लागायचीच होती!

अण्णाजी दिसेनाशा होणाऱ्या डब्याकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या. मायं उपरणं आपल्या अगुदर फिराले गेलं."

आमची गाडी लागल्यावर मग रेटारेटी करून आम्ही एक कप्पा धरला. समोरच्या बाकावर एक बंगाली कुटुंब, या बाकावर आम्ही. आमच्या वाट्याला खिडकी एकच, पण दरीच्या बाजूची. बंगाली काकांनी तसं खात्रीनं सांगितलं.

* * *

खिडकी एक आणि माणसं पाच. मग काय, भिशी!

भास्करशेठनी वाटेचे पाच टप्पे पाडून चिठ्ठ्या केल्या. तांब्यात टाकल्या. आणि स्वतः चिठ्ठी न उचलताच खिडकीत जाऊन बसले.

"शेठ, हे काय?"

"कायदा म्हंजे कायदा! पहिला नंबर चालकाचा."

भिशीचा नियमच तसा, कोण काय बोलणार? गाडी सुटली. शेठ बाहीचं बटण काढून, कॅमेरा गळ्यात अडकवून तयार. बाहेर आली गोदामं. मग कोळशाचे ढीग. मग पुन्हा गोदामं. एका भिंतीवर म्हैस अंग घासत होती, तिचा शेठनी फोटो काढला. डोंगराचा पायथा लागला आणि शेठचा नंबर संपला!

पुढचा नंबर अण्णाजींचा. आणि ऐन दरीचा नंबर निघाला मंदावहिनींचा! वहिनींनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि ब्लाऊजमध्ये ठेवून दिली. तोंडावरचा आनंद लपवता येईना, म्हणून बंगाली काकूंना मूठभर चिवडा दिला.

* * *

अण्णाजी खिडकीत बसले तेव्हा चढण लागली होती. उभे डोंगर, खाली झाडी, मध्येच उतारावर एखादं चिमुकलं शेत. बंगाली कुटुंब 'आहा, आहा' करत होतं. अण्णाजी मात्र गंभीर. आपली वडनेरची काळी, सपाट जमीन डोळ्यांपुढे असणार.

बऱ्याच वेळानं त्यांनी वळून विचारलं, "काहो, इथं बैलामागं डवरा धरतो म्हटलं तं मानूस पह्यले दोरीनं बांधा लागत असन, नाई?"

मग त्यांना चक्कर यायला लागली. डोळे मिटून ते पलीकडच्या बाजूच्या बाकावर जाऊन आडवे झाले आणि दरी येईपर्यंत घोरत राहिले.

* * *

आता शेवटचं.

खिडकी रिकामी झाली. वहिनी पदर खोचून उठणार, तेवढ्यात भास्करशेठ नानाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, हा नंबर मले दे. रोलमधी म्हशीशिवाय काईच नाई. लोकाले दाखवू काय?"

आणि आमच्या लोण्यानं काय म्हणावं?

"घ्या नं, शेठ! तुमाले नाई म्हनतो काय?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "नंबर माया हाय."

"तू फोटोत पाहून घेजो," नानाभाऊ पुटपुटले.

शेठ खिडकीत बसलेसुद्धा! त्यांच्या शेजारी नानाभाऊ, मग मी, आणि पार टोकाला, वाटेच्या बाजूला वहिनी. तिथून दिसत होते फक्त आमच्या तिघांचे कान. मला खरंच फार वाईट वाटलं. दरी कोणत्याही क्षणी येणार होती, आणि परतीचं आरक्षण रात्रीच्या गाडीचं होतं. आज नाही तर कधीच नाही.

पहिला बोगदा आला. दिवसाचे डब्यातले दिवे बंद, त्यामुळे मिट्ट काळोख. पोरासोरांनी आरोळ्या ठोकल्या. त्या गोंधळात कोणीतरी बाईमाणूस म्हणालं, "सरका हो जरासं." मी सवयीनं सरकलो, म्हणजे नेमका कुठं सरकलो ते कळलं नाही. उजेड आला तेव्हा मी टोकाला होतो आणि वहिनी माझ्या आणि नानाभाऊंच्या मध्ये अभ्रा मांडीवर घेऊन बसलेल्या!

त्यांनी माझ्या हातावर मूठभर चिवडा ठेवला.

दुसरा बोगदा. पुन्हा काळोख, पुन्हा आरोळ्या. "अवं, पाय!" असा नानाभाऊंचा आवाज आला. उजेड झाला तेव्हा नानाभाऊ माझ्या शेजारी होते आणि वहिनी भास्करशेठच्या. नानाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

शेठचं लक्षच नव्हतं. ते कॅमेऱ्यात डोकं घालून बसले होते. बंगाली काका म्हणाले, "बस, अब जो टनेल आयेगा, उसके बाद पूरा घाटी!" शेठनी कॅमेऱ्याचं झाकण बोटानं सैल करून ठेवलं.

तो बोगदा लांबच लांब होता. मधोमध आलो असू, तर अंधारातून घाबराघुबरा आवाज आला, "शेठ! झाकन पडलं वाटते तुमचं! खाली, खाली गेलं!"

"अरे बापरे! उधारीचा कॅमेरा हाय!" शेठचा आवाज. मग धडपड. मग कोणाचं तरी डोकं बाकाला आपटल्याचा आवाज.

आणि लख्ख उजेड पडला. खाली सगळी दरी! डोंगरामागे डोंगर, तळाशी दोऱ्यासारखी नदी, आणि आमची गाडी कडेनं वळत चाललेली.

भास्करशेठ बाकाखालून चार पायांवर बाहेर आले. झाकण कॅमेऱ्यालाच होतं. खिडकीच्या गजांना गाल लावून मंदावहिनी बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुसायचंही भान नाही.

"वहिनी," शेठ गुडघ्यावर बसूनच म्हणाले, "तुमी इथं कशा?"

वहिनींनी दरीवरची नजर काही काढली नाही.

"बोगदा होता नं, शेठ."