आबांनी निवडलेले फोटो

व्हिसाच्या मुलाखतीसाठी मी मुंबईला निघाले तेव्हा आमच्या गावातून, खुटबावातून, दोन गाड्या भरून माणसं निघाली. मुलाखत माझी एकटीची, पण आमच्याकडं पोरीला एकटं धाडतील तर शपथ! पुढच्या सीटवर माझे वडील, आबा, फेटा बांधून. मागं काका, मामा आणि आईनं दिलेला धपाट्यांचा डबा. "आबा, वऱ्हाड घेऊन चाललाय का तुम्ही?" मी वैतागून विचारलं.

"असू दे गं. मान्सं दिसली म्हंजी सायबाला कळंल, पोरगी चांगल्या घरची हाय."

तुमच्यापैकी जे असेच देशाबाहेर पडले त्यांना ठाऊक आहे, पण मागं राहिलेल्यांसाठी सांगते. आपलं लग्न खरं आहे, हे तिथं अमेरिकेच्या वकिलातीतल्या साहेबाला पटवून द्यावं लागतं. माझा नवरा नितीन कारेगावचा. रांजणगावच्या कंपनीतून अमेरिकेला गेला आणि तिथंच स्थिरावला. लग्नाला आला, रजा संपली तसा परत गेला. पुढं वर्ष उलटून गेलं तरी आमचा संसार फोनवरच. साहेबाला पटलं नसतं, तर संसार फोनवरच राहिला असता.

पुरावा म्हणून लग्नाचे फोटो न्यायचे होते. ते निवडायचं काम आबांनी हौसेनं अंगावर घेतलं आणि चिकटवलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. गडबडीत मी ते उघडून बघितलंच नाही.

वकिलातीत काचेपलीकडच्या गोऱ्या साहेबानं एकेक फोटो बघितला आणि काहीतरी विचारलं. शेजारच्या दुभाषी बाईंनी मराठीत सांगितलं, "यात तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

मी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. आबा साखर कारखान्याच्या संचालकांना फेटा बांधतायत. आबा माजी सभापतींना शाल पांघरतायत. आबा कुणाला तरी नारळ देतायत. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी तासभर पाहुण्यांचे सत्कार चालतात, ते झाडून सगळे पाकिटात आले होते. एका फोटोत नितीन होता, पण त्याच्या तोंडापुढं एका पुढाऱ्याचा हात आलेला.

मग असा राग आला की मी सुटलेच. "अहो, हे माझे वडील. लग्न माझं, मिरवून घेतलं यांनी! नवरा दाखवायला फोटो नाही, पण ऐका. तो रोज फोन ओट्यावर ठेवून भाकरी थापतो. पीठ धड मळत नाही, भाकरी मोडली की तव्याला नावं ठेवतो. भांडण झालं की बोलत नाही, पण फोनही ठेवत नाही. नुसता बसून राहतो तिकडं. मला हा माणूस समोर पाहिजे हो, बाकी काही नको."

ते इंग्रजीत सांगताना बाईंना हसू आवरेना. साहेबही हसला आणि त्यानं माझा पासपोर्ट ठेवून घेतला. बाई म्हणाल्या, "व्हिसा मंजूर."

बाहेर येऊन आधी आबांना झापलं. "एका तरी फोटोत जावई नको व्हय?"

आबा ओशाळले. "मोठी मान्सं बघून सायेब न्हाई म्हननार न्हाई, असं वाटलं गं. पन झालं न्हवं?"

"झालं."

काकांनी तिथंच रस्त्यावर पेढे वाटले. परतताना आबा माझ्याशेजारी बसले. गाडी लोणावळ्याच्या पुढं आली. मग बाहेर बघतच म्हणाले, "खरं सांगू का पोरी? सायेब न्हाई म्हनला आसता, तरी मला चाललं आसतं."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले.

आता ओहायोत राहते. वीकेंडला ग्रोसरी, लाँड्री, थंडीत घरापुढच्या ड्राइव्ह-वेवरचा स्नो काढायचा. सुखात आहे, खोटं कशाला बोलू? कामावरून सुटल्यावर नितीनला 'घरी निघाले' असा मेसेजही करते. पण माझं व्हिसाचं काम होऊ नये असं मनातून वाटत असताना, ते व्हावं म्हणून माझ्याबरोबर मुंबईला आलेला माणूस खुटबावात आहे. फोनवर तो "घरी कवा येती?" असं विचारतो, तेव्हा कुठल्या घरी, हे मला विचारावं लागत नाही.