कुणालाच ठसका लागला नाही

माझ्या माहेरी, मोरगावच्या माळावर एक चिंच होती. तिच्यावर हडळ राहते म्हणून बाया दुपारच्या तिकडून जायच्या नाहीत. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी शेरडं राखायला लागले, तेव्हा त्याच चिंचेखाली फडकं सोडून भाकरी खायचे आणि तिथंच हात उशाला घेऊन पडायचे. हडळ कधी आली नाही. आली असती तर दोन शेळ्या तरी वळवून दिल्या असत्या, असं मी आईला म्हणायचे.

सांगायचं एवढंच की मी भित्री नाही. लाजरी आहे, चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही... पण भित्री नाही. करणी, उतारा, बाहेरचं, यातलं मी काहीच मानत नव्हते. मोबाईलवर लोकांचे असे अनुभव येतात ते मी वाचते. वाऱ्यानं दार वाजलं तरी पानभर लिहितात, आणि मला हसू येतं. माझ्या बाबतीत झालं ते अंगणात झालं, उजेड असताना, घरच्या माणसांसमोर. म्हणून लिहून ठेवते. कुठं पाठवीन का, माहीत नाही.

आमचं घर वडगाव निंबाळकरच्या शिवारात, गावापासून थोडं बाहेर, कॅनॉलच्या अंगाला. घरात आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे भाऊजी, त्यांची बायको प्राजक्ता आणि त्यांची मुलगी आर्वी. प्राजक्ता बारामतीला एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसते. सकाळी स्कूटीवर जाते ती दिवस मावळताना येते. मला मूल नाही, त्यामुळं आर्वी माझ्याकडं. 'त्यामुळं' उगीच लिहिलं. मला चार पोरं असती तरी ती माझ्याकडंच राहिली असती.

तिचं सगळं माझ्या हातून. पायावर घेऊन अंघोळ, पायावरच झोप. जेवायला बसायच्या आधी तिला गोठ्यात जाऊन वासराला "मंमं?" असं विचारायचं असतं, त्याशिवाय घास तोंडात जात नाही. पहिला घास वासराचा, दुसरा काऊचा, मग तिचा. चपला उचलून पिठाच्या डब्यात टाकते. भाऊजींच्या गाडीची किल्ली एकदा धारेच्या बादलीत सापडली. मला ती 'मोटाई' म्हणते — मोठी आई म्हणायला शिकवलं होतं प्राजक्तानं, तिच्या जिभेवर ते असं झालं. आईला आई म्हणायच्या आधी तिनं मला मोटाई म्हटलं. प्राजक्ता हसली होती तेव्हा. मनात काय आलं असेल, ते तिलाच ठाऊक.

आता वन्सं. माझी थोरली नणंद, इंदापूर तालुक्यात बावड्याला दिलेली. आली की घर तिचं. डबे उघडून बघणार, गोधड्या उलटून बघणार. आर्वीचं नाव बारशात तिनं आत्या म्हणून ठेवलं, त्यामुळं पोरीवर पहिला हक्क आपला, असं तिचं म्हणणं. संक्रांतीनंतर आर्वीचं बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने घालून पोरीला पाटावर बसवलं आणि वन्सं तिच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाची कांडकी ओतायला वाकली. आर्वीनं जी किंकाळी फोडली! पाटावरून उठली, हलव्याचा मुकुट एका कानावर, आणि बायांमधून वाट काढत मी दाराशी उभी होते तिथं येऊन माझ्या निऱ्यांत तोंड खुपसलं.

शेजारच्या हौसाकाकू मोठ्यानं हसल्या. "आत्याचं सोनं नगं, मोटाईचं फाटकं लुगडं बरं! व्हय गं आर्वे?"

सगळ्या हसल्या. वन्सं हसली नाही. हातातलं भांडं तिनं पाटावर उलटं घातलं आणि माझ्याकडं बघितलं.

त्यानंतर आर्वीला दाढा यायला लागल्या. जुलाब, ताप, खाणं बंद. पोर वाळली. प्राजक्तानं दवाखान्यात दाखवलं, औषध चालू होतं. तेवढ्यात बावड्याहून वन्सं आली आणि आल्या आल्या म्हणाली, "औषधानं काय व्हतंय? पोरीला नजर लागलीया."

दृष्ट आमच्याकडंही काढतात. मीही काढायचे, केस विंचरावेत तितक्या सहज. मीठ, मोहरी, वाळल्या लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या, पोरीवरून उतरवायच्या आणि चुलीत टाकायच्या. मिरच्या जळून सगळ्यांना ठसका लागला तर दृष्ट नव्हती. ठसका लागला नाही तर दृष्ट होती, आणि ती जबर होती. सगळ्या घरांत असंच मानतात.

वन्संनं मूठ उतरवायला घेतली. "आल्यागेल्याची, वाटंवरच्याची, पै-पाव्हण्याची, शेजारपाजारची..." आणि मग थांबून, माझ्याकडं बघत, "आन् घरातल्या वांझोटीची."

अंगणात पाणी तापवायची चूल होती, तिच्यात मूठ टाकली. कुणालाच ठसका लागला नाही.

"बघा!" वन्सं म्हणाली. "मी सांगत न्हवते? आये, तू बघ आता काय करायचं ते."

त्या मिरच्या जुन्या होत्या. डब्याच्या तळाच्या, कीड लागलेल्या, रंग उडालेल्या, मीच टाकून द्यायला काढून ठेवल्या होत्या. चुलीत निखारेही राखेखाली विझत आलेले. हे सगळं मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "थोरले, थोडं दिस पोरीला हात लावू नगंस. तिच्या जिवापरीस काय मोठं हाय का?"

रात्री प्राजक्ता स्वयंपाकघरात आली. "ताई, मी असलं काही मानत नाही. पण घरात वाद नको... थोडेच दिवस. वन्सं थांबतायत तिला सांभाळायला."

"बरं," मी म्हणाले.

आमचे हे म्हणाले, "थंड होईल आपोआप."

मग मी गोठ्यात आणि पोर घरात. मी वैरण टाकायचे आणि आतून हाक यायची, "मोटाईऽ". पहिल्यांदा नुसती हाक, मग रडून, मग ओरडून. वन्संचा आवाज यायचा, "गप! न्यायला येतीया बघ ती." माझ्या नावानं पोरीला भीती घालत होती. आर्वी दाराच्या उंबऱ्यावर बसून वासराकडं बोट दाखवायची, "मंमं? मंमं?" कुणाला कळायचं नाही. ताट तसंच परत यायचं. मी शेण भरता भरता ते बघायचे. माझे हात शेणात कोपरापर्यंत, आणि डोक्यात एकच — हिला काहीतरी व्हावं. पोरीला नाही, हिला. मी आजवर कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्या दिवसांत चिंतलं. रोज चिंतलं, गाईच्या पाठीवर कपाळ टेकून धार काढताना चिंतलं.

शनिवारी संध्याकाळी आर्वी अंघोळ अर्धी टाकून तशीच ओली, उघडी, पळत गोठ्यात आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी पदरानं पुसायला घेतलं तर मांडीवर डाग. हिरवा-काळा. बाजूला नखाची खूण.

"हे काय झालं माझ्या बाईला?"

तिनं माझ्या दंडाची कातडी चिमटीत धरली, पिळली आणि म्हणाली, "आत्या."

तेवढ्यात वन्सं टॉवेल घेऊन आली. "हितं कशाला घेतलीस तिला? तुला सांगितलंय न्हवं?" पोर माझ्या गळ्यातून ओढून घेतली. प्राजक्ताही नुकतीच आली होती, हेल्मेट हातातच होतं. मी तिला डाग दाखवला. वन्सं म्हणाली, "पडली आसंल उंबऱ्यावर. आन् हिच्याजवळ गेली की पोर आजारी पडती, ते दिसत न्हाय का तुमाला? आजच्या आज परत दृष्ट काढती. जा गं, मिरच्या आण. देठाच्या आण, चांगल्या बघून."

मी आत गेले. चांगल्या बघूनच आणल्या. लवंगी, नव्या, हाताला लागल्या तरी आग होईल अशा. चूल मीच पेटवली होती, निखारे लालबुंद होते. मिरच्या वन्संच्या हातात देताना मी पहिल्यांदा तिच्या डोळ्यात बघितलं आणि मनात म्हणाले — जिची नजर वाईट, तिच्या गळ्यात जा.

एवढंच. मंत्र नाही, काही नाही.

आर्वीला आत्याबाईंनी मांडीवर घेतलं होतं. बाजूला प्राजक्ता, कुंपणाशी हौसाकाकू. वारा कॅनॉलकडून येत होता आणि मी चुलीच्या खालच्या अंगाला उभी होते, म्हणजे धूर यायचा तर माझ्या तोंडावर यायला हवा होता. वन्सं वरच्या अंगाला. तिनं मूठ उतरवली. "आल्यागेल्याची, वाटंवरच्याची..." सगळं म्हणून झालं, शेवटचंही म्हणाली. मूठ चुलीत टाकली.

मिरच्या तडतडल्या. काळपट धूर उठला, वाऱ्यानं माझ्याकडं आला, माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मला वाससुद्धा आला नाही. आत्याबाईंना नाही, प्राजक्ताला नाही. मांडीवरची आर्वी टुकुटुकु बघत होती, शिंकलीही नाही. आणि वन्सं, जिच्याकडं धूर गेलाच नाही, ती खोकायला लागली.

आधी नेहमीसारखा ठसका. मग वाकली. मग गुडघ्यावर बसली. डोळे लाल, तोंडाला फेस, एक हात गळ्यावर. प्राजक्ता पाणी घेऊन धावली, ते नाकातून बाहेर आलं. जरा थांबल्यावर तिनं माझ्याकडं बोट केलं आणि बोलायला तोंड उघडलं... ओठ हलले. आवाज नाही.

"काय म्हणतेस गं सुमे? बोल की!" आत्याबाई ओरडल्या.

हौसाकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "आगं, सगळ्यांना सोडून हिलाच कसा ठसका लागला?" आणि पदर तोंडाला लावून घरात निघून गेल्या.

मी आर्वीला आत्याबाईंच्या मांडीवरून उचललं. कुणी नको म्हटलं नाही. गोठ्यात नेलं, वासराला विचारलं, वरणभात कालवला. पोर वाटीभर जेवली. मागं अंगणात खोकणं चालू होतं आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं. खरं तेच लिहिते.

बारामतीत मोठ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून घसा बघितला. सूज नाही, गाठ नाही, काही नाही. ॲलर्जी म्हणाले. बावड्याला गेल्यावर तिचा आवाज आपोआप आला. फोनवर खणखणीत बोलायची. प्राजक्ता म्हणाली, "आपल्या गोठ्याची ॲलर्जी असेल, ताई." पण वन्सं याच गोठ्याच्या दारात लहानाची मोठी झाली. आमचे हे म्हणाले, "मिरचीचा त्रास." पण बावड्याला ती रोज खलबत्त्यात ठेचा करते.

पुढं ती दोनदा आली. दोन्ही वेळा कॅनॉलचा पूल ओलांडला की ठसका सुरू, बोलणं बंद. परत पुलापलीकडं गेली की बरी.

भाऊबीजेला मात्र हट्टानं आली. भाऊ पाटावर बसले, तिनं ताट घेतलं, आणि ओवाळायला हात उचलला तोच खोकल्याची उबळ आली. ताटातला दिवा विझला. भावाला ओवाळताना दिवा विझला! आत्याबाई रडायला लागल्या. वन्संनं ताट खाली ठेवलं, उठली, स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते तिथं आली आणि माझा हात धरला. बोलता येत नव्हतं. मिठाच्या बरणीकडं बोट केलं, मग स्वतःच्या डोक्याकडं.

माझी दृष्ट काढ, म्हणत होती. मला.

मी मीठ-मोहरी घेतली. लवंगी मिरच्या घेतल्या. तिला अंगणात पूर्वेला तोंड करून बसवलं. आर्वी माझ्या कडेवर होती, उतरायला तयार नव्हती, म्हणून एका हातानंच उतरवलं. आल्यागेल्याची, वाटंवरच्याची, पै-पाव्हण्याची. मनात म्हटलेलं ते एक वाक्य मागं घेतलं असतं तर कदाचित सुटली असती. तोंडाशी आलं होतं. वन्सं पदर तोंडात कोंबून खोकत माझ्याकडं बघत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कडेवर आर्वीची मांडी माझ्या हाताला लागत होती. तो डाग कधीच गेला होता, पण माझ्या बोटांना नेमकी जागा माहीत होती.

मी ते वाक्य मागं घेतलं नाही. मूठ निखाऱ्यावर टाकली.

मिरच्या जळून काळ्या झाल्या. धूर सगळीकडं पसरला. कुणालाच ठसका लागला नाही.

"बया बया," आत्याबाई म्हणाल्या, "केवढी जबर दृष्ट! कुनाची लागली आसंल गं माझ्या लेकीला?"

वन्संनं मान खाली घातली. ती रिक्षात बसली, आणि पुलापर्यंत तिचा खोकला ऐकू येत राहिला.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. मी अजून चिंचेखाली झोपू शकते. हडळ मानत नाही. पण लवंगी मिरच्या मी आता वेगळ्या डब्यात ठेवते, आणि त्या डब्याला आर्वीशिवाय कुणी हात लावत नाही. ती लावते, कारण तिला त्यात चपला ठेवायच्या असतात.