पान बदलणारे तात्या

सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी ऑफिसात सुट्ट्यांच्या नियमाचं नवीन पान छापून घेत होते, तेवढ्यात निमगाव केतकीहून तात्यांच्या सुनेचा फोन आला. "ताई, तात्या गेलं… चहाचा कप हातात हुता, बसल्या जागी गेलं." मी फोन ठेवला. प्रिंटर मात्र एकामागून एक पानं बाहेर टाकत राहिला, आणि ती विभागाविभागात नेऊन लावणारा माणूस आता नव्हता.

भगवान तात्या बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दुधाच्या कारखान्यात टाइम ऑफिसचे कारकून. हजेरी हे त्यांचं काम, पण जीव कर्मचाऱ्यांच्या नियमपुस्तिकेवर. पुस्तिका म्हणजे दोन भोकं पाडलेल्या पानांची फाइल, प्रत्येक विभागाच्या दाराबाहेर दोरीनं टांगलेली. नियम बदलला की जुनं पान काढायचं, नवं लावायचं. दुसऱ्या कुणी ते आठवडाभर लांबवलं असतं. तात्या मोटारसायकल लावून हेल्मेट काढता काढताच विचारायचे, "काय बदललं का?"

मी पुण्यात शिकून इथं मनुष्यबळ विभागात लागले, तेव्हा माझ्या पहिल्याच पानावर 'सदर कर्मचाऱ्याने विहित मुदतीत' असं काहीबाही होतं. तात्यांनी ते वाचून चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, चूक काय न्हाय. पण हे लिवलंय कुणासाठी?" कामगारांसाठी, मी म्हणाले. "मग चला." त्यांनी मला थेट पॅकिंगला नेलं आणि तिथल्या मंगलच्या हातात पान दिलं. ती अडखळत शेवटपर्यंत वाचत गेली आणि म्हणाली, "म्हंजी रजा मिळणार का न्हाय?" मला एका वाक्यात उत्तर देता येईना. त्या दिवशी मी ते पान चार वेळा लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत तात्यांनी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, मध्येच कुणाला तरी दटावत, "खरकटा हात लावू नगा पानाला!"

पुढच्या वर्षीची गोष्ट. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या आजारपणाची रजा यापुढं फोनवर कळवलेली चालणार नाही, तीन दिवसांत लेखी अर्ज हवा, असा नियम झाला. मी सगळ्या विभागांची पानं तात्यांना दिली… असं मला वाटलं. महिन्याभरात मंगलची आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. निरोप आला तेव्हा मंगल कामावर होती; तिनं निघताना फाइल उघडून नियम वाचला, दवाखान्यातून सुपरवायझरला फोन केला आणि आईला घेऊन दवाखान्यात राहिली. नवव्या दिवशी कामावर आली, तर गेटवर तिचं नाव कमी केल्याचं पत्र. ती टाइम ऑफिसात रडत उभी राहिली. "तात्या, मी वाचून गेले हो. पुस्तकात तसंच हाय."

तात्या उठले, पॅकिंगची फाइल सोडवून आणली. आत जुनंच पान होतं. ते फाइल घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले, मागून मी. "साहेब, बाईनं आपण लिवलंय तसंच केलंय. पानं लावायचं काम माझं. एक कमी हाय हे मला कळाया पायजे हुतं. काय करायचं ते माझं करा, तिचं नाव परत घ्या." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले.

दुपारी माझ्या ड्रॉवरमध्ये ते पान सापडलं. तात्यांना दाखवलं, तर म्हणाले, "मला वाटलंच हुतं." मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं? "मी माझ्या वाटणीचं बोललो. तुमचं तुमी बोलायचं." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते लागलं… दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं. माझं कायम होणं सहा महिने पुढं गेलं. मंगल त्याच दिवशी कामावर आली, तिचे नऊ दिवस रजेत धरले. पान कमी असल्याचं लक्षात न आल्याबद्दल तात्यांनाही ताकीदपत्र मिळालं. ते लिहायचं कामही माझ्याकडंच आलं होतं. तात्यांनी ते दोनदा वाचलं आणि हसले. "झ्याक लिवलंय. कुणालाबी कळंल." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मॅडमची वैशाली झाले, आणि पान कुणी काढलं, कुणी लावलं, याच्या सह्या घ्यायला आम्ही सुरुवात केली.

तात्यांचे दिवस होऊन गेले तरी पुस्तिकेचं शेवटचं पान मी तसंच ठेवलं होतं. त्यावर एकच ओळ होती: 'नियम समजला नाही तर टाइम ऑफिसात भगवान तात्यांना विचारा.' ती काढायला हात धजेना. परवा मंगल आली. "ताई, नवीन लागलेली माणसं ते वाचून टाइम ऑफिसात जात्यात आन तशीच माघारी येत्यात." जुन्या पानावर विसंबून फसलेल्या तिच्याइतकं ते दुसरं कोण सांगू शकणार होतं? मी त्याच दुपारी पान बदललं. तात्यांच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, दोन्ही सह्या माझ्याच केल्या आणि पॅकिंगला गेले. मंगलनं नवीन पान मोठ्यानं वाचलं. डोळे पुसले.

"आता तुमास्नी इचारायचं व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं दाराजवळचं स्टूल ओढून दिलं. "मग बसा. ते ओव्हरटाइमचं आमाला अजून न्हाय कळलं."

मी बसले, फाइल मांडीवर घेतली आणि तात्या वाचायचे तसं एकेका शब्दाखाली बोट धरून वाचायला लागले.