नकाशातली करडी जागा

आमच्या घरी पेपर कोरा सोडणं म्हणजे पाप. नागपूरला बाबा गणिताचे मास्तर, आणि त्यांचा नियम एकच: येत नसलं तरी काहीतरी लिहून यायचं, अर्धा मार्क कुठे गेला नाही. मी जन्मभर तेच करत आले. अमेरिकेत रेडमंडच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले, तर तिथेही.

आमचं काम उत्तर ध्रुवाकडच्या समुद्री बर्फाचे नकाशे काढायचं. उपग्रहावरचं रडार ढगांतून, अंधारातूनही खाली पाहतं. खडबडीत बर्फ त्याला उजळ दिसतो, शांत पाणी काळं. माझ्या प्रोग्रॅमने प्रत्येक चौकोनाला उत्तर द्यायचं: बर्फ की पाणी. जिथे कळत नव्हतं तिथेही मी त्याला अंदाज लिहायला लावला होता. नकाशा कसा भरगच्च दिसायचा. समोर बसणारा मुंबईचा सहकारी म्हणायचा, "यार, एकदम क्लीन आउटपुट आहे!" आणि मी फुगायचे.

मार्चमधल्या एका सकाळी अलास्काच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून फोन आला. सत्तरीची बाई होती. तिचा मुलगा बर्फावरून सीलच्या शिकारीला जायचा आणि निघण्याआधी आमचा नकाशा बघायचा.

"तुमच्या नकाशात गावासमोर बर्फ आहे," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या खिडकीतून पाणी दिसतंय. मी त्याला दारातच अडवलं."

वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि मग रडारला पाणीही बर्फासारखं उजळ दिसतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी 'बर्फ' असं ठोकून दिलं होतं. मी माफी मागितली.

"चूक होते," ती म्हणाली. "पण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा ना. आम्ही थांबू."

लाज वाटली, स्वतःचा संतापही आला. आठवडाभर खपून मी प्रोग्रॅममध्ये तिसरं उत्तर घातलं: माहीत नाही. त्याला करडा रंग दिला. नकाशा ठिगळं लावलेल्या गोधडीसारखा दिसायला लागला. सहकारी वैतागला.

"हे ग्रे पॅचेस हाइड कर ना. क्लायंट कॅन्सल करतील."

"करू देत," मी म्हटलं. एकाने केलंही.

मावशी मात्र (मनातल्या मनात मी तिला मावशीच म्हणायचे) खिडकीतून दिसेल ते रोज सकाळी लिहून पाठवू लागली. तिच्या दोन ओळींवरून मला गावासमोरची काही करडी ठिगळं भरता यायची. बाकीची तशीच ठेवायचे.

एप्रिलमध्ये तिचा पुन्हा फोन आला.

"मुलगा घरी आलाय," तिने आधी तेच सांगितलं. धुक्यातून जाताना फोनवरच्या नकाशात करडी जागा आली तसा तो थांबला होता. पुढे काठी टोचून पाहिली, तर ती आरपार गेली. तो तिथूनच मागे फिरला. आता तिच्यासमोर बसून चहा पीत होता.

संध्याकाळी मी नागपूरला फोन लावला. "बाबा, मी एक प्रश्न कोरा सोडला."

"का गं?"

"येत नव्हता."

मग सगळं सांगितलं.

"पूर्ण मार्क," बाबा म्हणाले.