अक्षतेचा दाणा
झेंडूचा वास आला की मला राजापेठेतलं माझं टायपिंगचं दुकान आठवतं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरात व्हायरस निघाला. आत एका बाईंचा कपाशीच्या नापिकीवरचा अख्खा प्रबंध होता आणि दुसरी प्रत नव्हती. मशीन सुरू होतानाच व्हायरस शोधणारा स्कॅन मी चारदा लावला, पण 'एस्केप दाबल्यास रद्द' एवढं दिसायचं आणि तो आपोआपच रद्द व्हायचा. बाई रडकुंडीला आल्या. शेवटी शेजारच्या घड्याळवाल्या चाचांनी कीबोर्ड उलटा करून आपटला, तर कुंकू सांडलं आणि एस्केपचं बटण दाबलेलंच ठेवणारा, फटीत अडकलेला अक्षतेचा दाणा पडला. "काहून बेटी, अक्षता मशीनले वायल्या का व्हायरसले?" चाचा म्हणाले. स्कॅन चालला, प्रबंध वाचला, बाई रडता रडता हसल्या. अजूनही दसऱ्याला मी कीबोर्ड पालथा घालूनच पुजते.