शब्दाचं शेपूट

कागदावर लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की मामा त्याच्या पुढच्या भागावर अंगठा ठेवायचे आणि म्हणायचे, "आदी शेपूट बघायचं, पावणं. डोकं मागनं बघू."

नव्वदच्या दशकात शिवाजी पेठेजवळच्या एका दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीवर बसायचे. मामा तिथले वॉर्डबॉय, नववी नापास. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले, आणि खरं सांगते, मला त्याचा फार तोरा होता. मामांनी तो आठवड्यात उतरवला. जुन्या फायली लावता लावता, डॉक्टरांना विचारून विचारून त्यांनी शब्दांचे तुकडे गोळा केले होते. शेवटी 'आयटिस' आलं की सूज, 'ओमा' आलं की गाठ, 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं, 'ओटॉमी' म्हणजे नुसती चीर. रिपोर्ट घेऊन घाबरलेला माणूस आला की मामा शब्द सुटा करून दाखवायचे. माणूस तिथेच निम्मा बरा व्हायचा.

कधी फसायचेही. एका डॉक्टरांच्या पाटीवर 'डिप्लोमा' वाचून त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "ही गाठ कुठं असती ओ?"

आमच्या सर्जनना हे खपत नसे. एकदा सगळ्यांसमोर ते कडाडले, "उद्या चुकीचं सांगितलंत तर निस्तरणार कोण? पुन्हा रिपोर्टला हात लावलात तर घरी बसा." त्यांचंही चूक नव्हतं. मामांनी रिपोर्टला हात लावणं सोडलं. कुणी विचारलं तर "डाक्टर सांगतील" म्हणायचे.

त्याच आठवड्यात जोतिबाच्या पायथ्याकडून एक म्हातारं जोडपं आलं. म्हाताऱ्याला मुतखडा. संमतीच्या कागदावर शब्द होता 'नेफ्रोलिथोटॉमी'. एसटीत कुणीतरी म्हातारीला सांगितलेलं, शहरात किडनी काढून विकतात. कळेनं वाकलेल्या नवऱ्याला ती दाराकडे ओढू लागली. सर्जन घाईघाईत दोनदा समजावून आत गेले होते. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते पुढे झाले.

"आक्का, हिकडं बघा. नेफ्रो म्हंजे किडनी. लिथो म्हंजे खडा. ओटॉमी म्हंजे चीर. किडनी काढायची असती तर एक्टॉमी लिवलं असतं. भरल्या वांग्याला तुम्ही चिरा देता, पण वांगं देठाला अख्खं ऱ्हातंय का न्हाय?"

"ऱ्हातंय की."

"तसंच हाय हे. खडा तेवढा काढत्यात आन् शिवत्यात."

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. मामा वळले तर मागे सर्जन उभे.

"जातो घरी," मामा म्हणाले.

"आधी अंगठ्याची शाई आणा," सर्जन म्हणाले. घरी बसण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

मामा आता नाहीत. निवृत्तीनंतर त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं, ते मात्र डोळ्यांसमोर आहे. सर्जन स्टूल ओढून खाटेशी बसले, संमतीच्या कागदावरच्या 'कोलेसिस्टेक्टॉमी' या शब्दावर बोट ठेवलं आणि सावकाश सांगू लागले, "कोले म्हणजे पित्त. सिस्ट म्हणजे पिशवी. एक्टॉमी म्हणजे ती काढायची." मामांना यातला तुकडा न् तुकडा पाठ होता. तरी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ते प्रत्येक शब्दाला "व्हय" म्हणत राहिले.

सांगून झाल्यावर सर्जननी पेन पुढे केलं. मामांनी ते घेतलं नाही.

"जरा थांबा, डाक्टर. बायकू भाईर बसलीया. तिला बोलवतो, मग परत पैल्यापास्नं सांगा."