रिपोर्ट चांगला आला म्हणून

नोकरीची सगळी वर्षं मी कात्रजला डेअरीत दुधाचं फॅट तपासलं. निवृत्तीनंतर, सहासष्टाव्या वर्षी, माझ्याच रक्तात कोलेस्टेरॉल वाढल्याचं निघालं तेव्हा मुलगी हसली. बायको हसली नाही. तिचे वडील हृदयविकाराने गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी लिहून दिली, तूप-लोणी कमी करायला आणि चालायला सांगितलं. मी सगळं केलं. तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. मला वाटलं, संपलं एकदाचं. त्याच दिवशी गोळी बंद केली. जेवण झालं की बायको विचारायची, "अहो, गोळी घेतलीत?" मी खुशाल हो म्हणायचो.

दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या स्वेटरांखाली तिला न फोडलेली पाकिटं सापडली. ती भांडली नाही. पाकिटं मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहिली.

"मला काही होत नाहीये गं," मी म्हणालो.

"बाबांनाही काही होत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दवाखान्यात गेली. सगळं तिनेच सांगितलं.

"गोळीचा त्रास झाला का? अंग दुखलं, पाय दुखले?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून..."

"तो गोळीमुळे चांगला आला. डेअरीत दूध नासलं नाही म्हणून कूलर बंद करायचात का आपण?"

बायको खिडकीबाहेर बघत होती. रक्त पुन्हा तपासलं. आकडा होता तिथे परत जाऊन बसला होता. गोळी पुन्हा सुरू झाली. बायकोने मात्र विचारणं सोडून दिलं, आणि ते मला कुठल्याही पथ्यापेक्षा जड गेलं. मी आपणहून तिच्यासमोर गोळी घ्यायला लागलो. ती बघायची, बोलायची नाही. संक्रांतीच्या सुमारास कधीतरी ती सकाळी माझ्याबरोबर चालायला यायला लागली.

पुढचा रिपोर्ट ठीक आला. तिने तो दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला.

"माझंही एकदा तपासून घेऊ या," ती म्हणाली.

तिचं रक्त आजवर कुणी तपासलंच नव्हतं. वडील तसे गेलेले, तरी माझ्या ते कधी मनातही आलं नव्हतं.

शनिवारी दोघंही उपाशीपोटी लॅबमध्ये गेलो. सुई टोचताना तिने माझा हात घट्ट धरला होता.